वरवरची मलमपट्टी

आमच्या आजीच्या करंड्याला दोन खण होते. एकात पिंजर, दुसऱ्यात मेण. आंघोळ झाली की ती करंगळीने मेणाचा टिपका कपाळावर लावी, त्यावर पिंजर दाबी, आणि ते कुंकू संध्याकाळपर्यंत जागचे हलत नसे. राजापूर तालुक्यातल्या त्या घरात मेण यायचे ते कुंकवासाठी. पण कुणाचे बोट विळीवर कापले, कुणाची टाच भेगाळली, की त्याच खणातून नखभर मेण निघे. फोडणीच्या पळीत थोडे खोबरेल, त्यात ते मेण आणि भिरंडेलाचा एक तुकडा. पळी निखाऱ्यावर धरायची, सगळे विरघळले की उतरवून थंड होऊ द्यायची. दहा मिनिटांत मलम तयार. उरलेले नारळाच्या करवंटीत जाई आणि भिंतीतल्या कोनाड्यात बसे.

मलम मिळायला एक अट मात्र असे. “आधी न्हाणीत जा. पाय धू. माती गेली की ये माझ्याकडे.” माती गेली नसेल तर आजी परत पाठवी. तिखट, मीठ, झाडपाला यांपैकी कशालाही आम्ही मुले घाबरत नव्हतो, पण उघड्या जखमेवर पडणाऱ्या त्या गार पाण्याला घाबरत होतो. आजीचे मलम गुणाचे, असे आम्ही सगळ्या वाडीत सांगत असू. खरा गुण त्या तांब्याभर पाण्याचा होता, हे कळायला मला पुढची तीस वर्षे लागली.

ही पुस्तिका घरच्या घरी मलम करण्याची आहे. कृती पुढे आहेतच. ज्यांना घाई आहे त्यांनी सरळ तिकडे जावे. पण मेण वितळवण्याआधी ही पाने वाचली तर बरे, कारण मलम काय करते यापेक्षा ते काय करत नाही हे आधी ठाऊक असायला हवे.

मराठी वर्तमानपत्रांनी ‘मलमपट्टी’ हा शब्द पार बदनाम केला आहे. रस्त्यावरच्या खड्ड्यांत खडी टाकली की मलमपट्टी, शेतकऱ्याला तुटपुंजी मदत दिली की मलमपट्टी. आणि प्रत्येक वेळी तिच्यामागे ‘वरवरची’ हे विशेषण. मलमाची बाजू घ्यायची तर एवढेच म्हणेन की ते वरवरचेच असते, आणि आपण वरवरचे आहोत हे त्याने कधी लपवलेले नाही. कातडी भरून काढण्याचे काम शरीर करते. मलम त्या कामावर पांघरूण घालते. जखम कोरडी पडू देत नाही, कापड चिकटू देत नाही, वारा आणि धूळ थोडी अडवते. हा शब्दही आपला वाटतो तितका आपला नाही. अरबी-फारसीतल्या ‘मर्हम’वरून तो आला आणि उत्तरकालीन वैद्यकग्रंथांनी त्याला ‘मलहर’ असे संस्कृत धोतर नेसवले. मळ हरण करणारा तो मलहर! व्युत्पत्ती ओढूनताणून आणलेली असली तरी आजीला ती पटली असती.

पांघरुणाचे महत्त्व प्रयोगाने दिसायला १९६२ साल उजाडले. जॉर्ज विंटर या संशोधकाने लंडनमध्ये डुकरांच्या पाठीवर सारख्या उथळ जखमा केल्या, काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा चिकटवला. उघड्यांवर खपली धरली; झाकलेल्या ओलसर राहिल्या आणि त्यांच्यावर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली. ‘नेचर’मध्ये तो निबंध छापून आला आणि जखम वाऱ्यावर सुकू द्यावी ही जुनी समजूत डळमळली. ध्यानात घ्यायचे ते हे की विंटरच्या पापुद्र्यात औषध काहीच नव्हते. ना हळद, ना कडुनिंब. होते ते नुसते झाकण.

म्हणूनच ‘नैसर्गिक’ या शब्दावर मी फार भार टाकत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारी पेट्रोलियम जेलीही जमिनीतूनच आली. १८५९ साली रॉबर्ट चेसब्रो नावाचा रसायनज्ञ पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलच्या तेलविहिरींवर गेला. तिथले कामगार पंपाच्या दांड्यांवर साचणारा काळा, मेणचट राप कापल्या-भाजल्यावर चोळत होते. तो राप गाळून, पांढरा करून त्याने १८७२ मध्ये व्हॅसलिनचे पेटंट घेतले. झाकण म्हणून ते उत्तम आहे, कुणाला सहसा सोसत नाही असेही होत नाही, आणि घरात मलम करायला वेळ नसेल तर खुशाल तेच वापरावे. घरचे मलम करायचे ते याहून जास्त गुणकारी म्हणून नाही. त्यात काय काय पडले हे आपल्या डोळ्यांसमोर पडलेले असते म्हणून, आणि मेण तेलात विरघळताना पाहण्यात एक सुख आहे म्हणून.

आता हळद. तिच्याविषयी बोलल्याशिवाय मराठी माणसाचे मलम पुढे सरकत नाही. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला देऊन टाकले. क्रमांक ५४,०१,५०४. संशोधक दोघेही भारतीय वंशाचे. त्यानंतर काही महिन्यांतच वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची धुरा डॉ. रघुनाथ माशेलकरांकडे आली. गोव्यातल्या माशेलात जन्मलेल्या या माणसाने ठरवले की हे लढायचे. परिषदेने जुन्या ग्रंथांतले आणि नियतकालिकांतले बत्तीस दाखले काढले, त्यात भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ चा एक निबंधही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. मराठी वर्तमानपत्रांनी याला ‘हळदीघाटची लढाई’ म्हटले आणि आमच्या पिढीची छाती फुगली.

त्या विजयाचा एक अर्थ मात्र आपण चुकीचा लावला. पेटंट रद्द झाले ते हळद जुनी होती म्हणून. हळद गुणकारी आहे की नाही, हा तिथे प्रश्नच नव्हता. हा वापर नवा आहे का, एवढेच पाहायचे होते, आणि तो नवा नव्हता. प्रयोगशाळेत हळदीतले कर्क्युमिन सूज उतरवते, काही जंतूंना आवर घालते, असे दिसले आहे. पण काचपात्रातला जंतू आणि माझ्या पुतण्याच्या गुडघ्यावरचा जंतू यांच्यात बरेच अंतर असते. हळद मलमात जरूर घाला. मीही घालते. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते, म्हणजे मलम ही तिची योग्यच जागा आहे. मात्र ती पुडीतली नको. रंग खुलावा म्हणून हळदीत शिशाचे क्रोमेट मिसळल्याचे प्रकार या उपखंडात सापडलेले आहेत आणि उघड्या जखमेवर शिसे कुणालाच नको असते. हळकुंडे आणावीत, घरी कुटावीत, वस्त्रगाळ करावीत. सांगलीची मिळतात, वर्ध्याकडच्या वायगावची मिळाली तर फारच छान. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे.

हळदीच्या पाठोपाठ शाळकरी पोरांची वनस्पती येते, ती म्हणजे दगडीपाला. कुणी एकदांडी म्हणतात, कुणी कंबरमोडी. जमिनीसरशी पसरलेली केसाळ पाने, त्यांतून वर आलेला लांबच लांब एकच दांडा आणि टोकाला पिवळ्या पोटाचे, फिकट पाकळ्यांचे इवलेसे फूल. खेळताना ढोपर फुटले की पाला तळहातावर चोळायचा आणि हिरवा रस जखमेवर पिळायचा, हे महाराष्ट्रातल्या अर्ध्याअधिक पोरांना कुणी न शिकवता येते. ‘आपल्या ऋषिमुनींची वनस्पती’ म्हणून तिच्याविषयी भाषण ऐकायची वेळ माझ्यावर आली आहे. ती मुळात मध्य अमेरिकेकडची. मिरची, बटाटा, पेरू यांच्यासारखीच परदेशातून आली आणि इथल्या बांधाबांधावर राहिली. आपली झाली हे खरेच, पण ऋषिमुनींनी तिला पाहिलेले नाही.

याच दगडीपाल्याने माझे पहिले मलम बिघडवले. ताजा पाला पाट्यावर वाटला, रस काढला, कोमट तेलात ओतला, वर मेण. मलम सुरेख हिरवेगार झाले. सहा डब्या भरल्या, मैत्रिणींना वाटल्या, कौतुक ऐकून घेतले. तीन आठवड्यांनी एकीचा फोन आला: “अगं, तुझ्या मलमाला मिश्या आल्यात.” झाकण उघडले तर वर राखाडी बुरशीची लव. पाल्यातले पाणी तेलात तसेच राहिले होते, आणि पाणी म्हणजे बुरशीला आमंत्रण. ते मलम कुणी जखमेवर लावले नव्हते, हे माझे नशीब.

तेलातले पाणी गेले की नाही, हे ओळखायची खूण आपल्या वैद्यांनी कधीच लिहून ठेवली आहे. एक भाग वाटण, चार भाग तेल, सोळा भाग काढा असे शार्ङ्गधराचे प्रमाण. ते मंद आचेवर आटवत न्यायचे. तेल होत आले की फेस वर येतो. तूप असेल तर उलट, आलेला फेस बसतो. मग तळच्या वाटणातले थोडे बोटांत घेऊन वात वळायची. ती वळली पाहिजे, चिकटता कामा नये. ती विस्तवात धरली आणि तडतडली तर पाणी अजून आहे. गुपचूप जळली तर तेल सिद्ध झाले. तापमापकासारखी यंत्रे नसलेल्या काळात कुणीतरी कान लावून ही खूण शोधली असेल. माझ्या त्या सहा डब्या भरण्याआधी हे कुणी कानात सांगितले असते तर! ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांनी पाला आठ दिवस सावलीत वाळवावा. चुरगाळल्यावर पापडासारखा मोडला की मगच तेलात घालावा.

जुन्या वैद्यांना एवढे मानून झाल्यावर उलट बाजूही सांगितली पाहिजे. बाडांतल्या आणि गावोगावच्या मलमांच्या पाठांत राळ, तेल, तूप, मेण यांच्याबरोबर मोरचूद असतो, शेंदूर असतो, मुर्दाडशिंग असते, कधी पाराही. शेंदूर आणि मुर्दाडशिंग ही दोन्ही शिशाची संयुगे. चिघळलेल्या जखमा त्यांनी कोरड्या पडत असतील, नाही असे नाही, पण शिसे शरीरात गेले की सहजी निघत नाही, आणि लहान मुलाच्या मेंदूला तर त्याचा कणही जड. आजोबांच्या वहीत सापडलेली कृती म्हणून ती करून पाहायचा मोह अनेकांना होतो. या पुस्तिकेत यातले एकही द्रव्य नाही. कुणी ते घालून अधिक गुण येतो असे सांगितले तर मान डोलवावी आणि घालू नये.

ग्रंथांतली एक कृती मात्र मला अतिशय आवडते, ती शतधौत घृताची. चरकसंहितेतही दाह शमवायला ते सांगितले आहे. साधे साजूक तूप, तांब्याची परात आणि पाणी, बस्स. तूप परातीत घ्यायचे, गार पाणी ओतायचे, तळहाताने किंवा तांब्याच्या तळाने घोटायचे, पाणी काढून टाकायचे, नवे ओतायचे. असे शंभर वेळा. मोजायला मी शंभर चिंचोके घेऊन बसते, एका वाटीतून दुसऱ्या वाटीत. पहिल्या दहाबारा पाण्यांत तूप रुसल्यासारखे पाण्यापासून दूर पळते, रवा हाताला लागतो. पुढे कधीतरी ते अचानक ऐकायला लागते. रवा मोडतो, पिवळेपणा उतरतो. शेवटाकडे हातात पांढरेशुभ्र लोण्यासारखे काही येते, तुपाचा वास गेलेला, आणि आकारमान वाढलेले. वाढलेले ते पाणी. बारीक थेंबांच्या रूपाने ते तुपात कोंडले गेले आहे. उन्हाने तापलेल्या, सोललेल्या कातडीवर ते लावले की गार वाटते ते त्याच पाण्यामुळे. पण वर बुरशीविषयी सांगितले ते इथेही लागू पडते. पाणी आत आहे, म्हणून हे महिनोन्महिने ठेवायचे मलम नव्हे. थोडे करावे, फ्रिजमध्ये ठेवावे, लवकर संपवावे. यंत्राने घोटून अर्ध्या तासात करतात असे ऐकते. करोत बापडे. तो दुपारचा वेळ, दोन बायका समोरासमोर, एक घोटणारी आणि एक पाणी ओतणारी, हे मला तुपापेक्षा कमी मोलाचे वाटत नाही.

भिरंडेलाचे नाव वर आले, ते देशावरच्या वाचकांसाठी सांगते. कोकमाची फळे फोडून साली आगळात आणि उन्हात जातात, मागे बिया उरतात. त्या वाळवून, फोडून, आतला गर कुटून पाण्यात उकळतात. तेल वर तरंगते, थंड झाल्यावर त्याचा थर काढून हाताने गोळे वळतात. हे तेल नावाचेच तेल, कारण एरवी ते दगडासारखे घट्ट असते आणि चाळीस अंशांच्या आसपास वितळते. म्हणजे टाचेवर घासले की अंगाच्या उबेने पाझरायला लागते. टाचेच्या भेगांना याच्यासारखे दुसरे काही मी पाहिलेले नाही. मलमात मेणाच्या जोडीला थोडे घातले की मलम उन्हाळ्यातही अंग धरून राहते.

मेण चांगले मिळणे हीच यातली खरी अडचण. बाजारात मधमाशीचे म्हणून पॅराफिन सर्रास गळ्यात मारतात. खरे मेण बोटांत मळले की मऊ होते, त्याला मधाचा पुसट वास असतो. पॅराफिन निसरडे, बिनवासाचे, आणि मळायला गेले की त्याचे तुकडे पडतात. महाबळेश्वर भागातल्या मधपाळांकडे खात्रीचे मेण मिळू शकते. तिथले मांघर २०२२ मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. मेण वितळायला बासष्ट-चौसष्ट अंश पुरतात. ते कधीही थेट आचेवर ठेवू नये, भडका उडतो. आजीने पळी निखाऱ्यावर धरली ती धरली. आपण पातेल्यात पाणी उकळावे आणि त्यात दुसरे भांडे ठेवावे.

प्रमाण वजनाने धरावे. पाच भाग तेलाला एक भाग मेण. दोनशे ग्रॅम तिळाच्या तेलात कडुनिंबाचा मूठभर वाळलेला पाला आणि चमचाभर हळद तासदीडतास मंद उबेवर मुरवली, स्वच्छ कोरड्या फडक्याने गाळली, मग चाळीस ग्रॅम मेण घातले की झाले. परदेशी पुस्तकांतली प्रमाणे थंड हवेची असतात. नागपूरच्या मे महिन्यात त्यांची आमटी होते. म्हणून ओतण्याआधी एक थेंब गार स्टीलच्या ताटलीवर टाकून पाहावा, आपण लाडवाच्या पाकाचा पाहतो तसा. बोटाने ढकलला तर सुरकुती पडावी आणि दाबला तर मऊ लागावा. फारच पातळ वाटला तर चिमूटभर मेण, दगड झाला तर चमचाभर तेल. पुढच्या कृतींत याच मूळ मलमाची रूपे आहेत.

नवे मलम आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबावे. ज्यांना गाजरगवताने अंगावर उठते त्यांनी दगडीपाला आणि झेंडू यांच्यापासून सावध असावे. ही तिन्ही एकाच कुळातली आहेत. पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत पायाच्या बोटांत चिखल्या होतात, तिथे तेलकट मलम अजिबात लावू नये. चिखल्यांना हवा आणि कोरडेपणा लागतो, आपण पांघरूण घातले तर बुरशी मजेत वाढते. भाजले तर पहिले काम नळाखाली वीस मिनिटे धरायचे. बर्फ नको, कणीक नको, टूथपेस्ट नको आणि हे मलमही नको. आच कातडीत असताना वर तेल-तूप चोपडले की ती आतच कोंडते. पुरते गार झाल्यावर, कातडी नुसती लाल असेल आणि फोड नसेल, तरच मलमाचा विचार.

कुत्रा चावला तर मलमाची डबी उघडायचीच नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवायची आणि लगेच लसीसाठी दवाखाना गाठायचा. चुना, हळद, तिखट यांत गेलेला वेळ जिवावर बेततो. खोल गेलेला खिळा, गंजका पत्रा, शेणामातीत झालेली जखम यांना धनुर्वाताचे इंजेक्शन लागते, त्याची जागा कोणतीही मुळी घेत नाही. मधुमेह असलेल्यांनी पायाची बारीकशी जखमही घरी ठेवू नये. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पटवणे अवघड जाते. “आमच्या वेळी नव्हते हे सगळे” असे ते म्हणतील. त्यांच्या वेळी किती जण गेले, हे त्यांनाच हळूच विचारावे.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. मलम चांगले जमले की बचत गटातून विकावे असे मनात येते. जखम बरी करते असे सांगून विकलेली वस्तू १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली औषध ठरते आणि त्याला परवाना लागतो. घरात वापरायला, शेजारणीला द्यायला कुणाची हरकत नाही.

तेव्हा आता मेण किसायला घ्या. डब्या उकळून, उन्हात खडखडीत वाळवून ठेवा, मलमात ओले बोट घालू नका, आणि झाकणावर तारीख लिहायला विसरू नका. सहा महिन्यांनी काही उरले, किंवा खवट वास यायला लागला, तर जीव अडकवू नका. वात घाला आणि पणतीत जाळून टाका, छान जळते.